चॅलफॉन्ट: केप मेमधलं एक बोर्डिंग हाउस दीडशे वर्षं कसं टिकलं

अमेरिकेतल्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धात, ६ जुलै १८६३ रोजी, व्हर्जिनियातल्या रिचमंड शहरात, लिबी नावाच्या तुरुंगात, उत्तरेच्या सैन्यातल्या कैदी कॅप्टनांना एका खोलीत गोळा केलं गेलं. केंटकीत पकडलेल्या दक्षिणेच्या दोन कॅप्टनांना उत्तरेच्या जनरल बर्नसाइडच्या अधिकाराखाली गोळ्या घातल्या होत्या. त्याचा बदला म्हणून इथल्या दोघांना मारायचं ठरलं होतं. कोणते दोघे, हे ठरवायला सगळ्यांची नावं चिठ्ठ्यांवर लिहून पेटीत टाकली. पहिली चिठ्ठी निघाली ती पहिल्या न्यू जर्सी घोडदळातल्या हेन्री वॉशिंग्टन सॉयरची. महिन्याभरापूर्वीच, ९ जूनला, ब्रँडी स्टेशनच्या लढाईत तो जखमी होऊन शत्रूच्या हाती पडला होता.

सॉयरने बायकोला पत्र लिहिलं. ती न्यू जर्सीतल्या केप मे गावाहून थेट वॉशिंग्टनला गेली आणि राष्ट्राध्यक्ष लिंकनला भेटली. उत्तरेच्या सरकारने जाहीर केलं की सॉयर आणि दुसरा कॅप्टन फ्लिन यांना मारलंत, तर आमच्या ताब्यातल्या दोन अधिकाऱ्यांनाही तीच शिक्षा होईल. त्या दोघांपैकी एक होता दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली याचा मुलगा. शिक्षा लांबली, मार्च १८६४ मध्ये कैद्यांची अदलाबदल झाली आणि सॉयर जिवंत घरी आला.

हा माणूस धंद्याने सुतार होता. १८४०च्या दशकाच्या अखेरीस पेनसिल्व्हेनियातून केप मेला आला तोच सुतारकामासाठी. युद्धानंतर त्याने हॉटेलं चालवली, आणि १८७६ मध्ये हॉवर्ड आणि सूवेल या रस्त्यांच्या कोपऱ्यावर, समुद्रापासून जराशी आत, स्वतःची इमारत उभी केली. चॅलफॉन्ट हॉटेल ते हेच. केप मेमध्ये जुन्या हॉटेलांना तोटा नाही, पण बांधल्यापासून हॉटेल म्हणूनच अखंड चालत आलेलं सगळ्यात जुनं म्हणून मान आहे तो चॅलफॉन्टला.

या इमारतीच्या जीर्णोद्धाराचं प्रकरण मला सविस्तर मांडावंसं वाटतं, कारण तो नेहमीच्या पद्धतीने झाला नाही. कोणा धनिकाने कोट्यवधी ओतले नाहीत, सरकारने ताब्यात घेऊन संग्रहालय केलं नाही, वर्षानुवर्षं कुलूप लावून कामही केलं गेलं नाही. माझ्या मते इमारत वाचली ती तिचा वापर एकाही उन्हाळ्यात थांबला नाही म्हणून.

गाव आणि त्याचा धंदा

न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींना गार्डन स्टेट पार्कवे ओळखीचा आहे. इझलिन-एडिसनजवळचा फाटा १३१ क्रमांकाचा आहे. हे क्रमांक मैलांचे असतात आणि जिथून मोजणी सुरू होते तो शून्य मैल म्हणजे केप मे, राज्याचं दक्षिण टोक. एका बाजूला अटलांटिक महासागर, दुसऱ्या बाजूला डेलावेअरची खाडी.

इथे लोक समुद्रस्नानाला येऊ लागले त्याला सव्वादोनशे वर्षं होत आली. १८०१ मध्ये एलिस ह्यूज नावाच्या गृहस्थाने फिलाडेल्फियाच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती की समुद्रस्नानासाठी येणाऱ्यांच्या राहण्याची सोय केली आहे, शिवाय मासे, कालवं, खेकडे आणि उत्तम मद्य मिळेल. बोर्डिंग हाउसचा सगळा धंदा या जाहिरातीत आला: खोली, जेवण आणि समुद्र, एकाच भाड्यात. आधी बोटी आल्या, १८६३ मध्ये रेल्वे आली. पण तोवर अटलांटिक सिटीला रेल्वे पोहोचून नऊ वर्षं झाली होती आणि गर्दीचा ओघ तिकडे वळला होता. केप मे मागे पडलं. मागे पडलं म्हणूनच तिथे जुनी घरं पाडून नवी बांधण्याइतका पैसा कधी आला नाही. आज तिथे सहाशेच्या वर व्हिक्टोरियन काळातल्या इमारती उभ्या आहेत, त्याचं पहिलं श्रेय या मंदीला द्यावं लागतं.

दुसरा योग आगीचा. ९ नोव्हेंबर १८७८ रोजी ओशन हाउस हॉटेलात आग लागली आणि गावाचा सुमारे ३५ एकर भाग जळून गेला. काँग्रेस हॉलसारखं मोठं हॉटेलही गेलं. ते पुढच्या वर्षी विटांनी पुन्हा बांधलं गेलं. सॉयरची दोन वर्षांची लाकडी इमारत वाचली. आग शमल्यावर राहायला जागा कमी आणि पाहुणे तेवढेच, अशी स्थिती होती. पुढच्या वीसेक वर्षांत चॅलफॉन्ट टप्प्याटप्प्याने वाढत गेलं.

इमारत

चॅलफॉन्टसमोर उभं राहिलं की आधी दिसतात ते व्हरांडे. खाली, वर, कोपऱ्याला वळसा घालून जाणारे, खांबांच्या माथ्यावर करवतीने कापलेली नक्षी. त्या काळी वाफेवर चालणाऱ्या करवती आल्या होत्या, त्यामुळे अशी लाकडी जाळी स्वस्तात आणि भराभर कापता येई. छपरावर खिडक्यांचा चौकोनी मनोरा आहे. खाली झुलत्या खुर्च्यांची रांग.

या इमारतीत मला सगळ्यात मोलाची वाटते ती तिची हवा खेळवायची रीत. खोल्यांची दारं तिरप्या पट्ट्यांची आहेत. बाहेरून कुणी पाहू शकत नाही, पण वारा आरपार जातो. समुद्राकडून आलेला वारा व्हरांड्याच्या सावलीत जरा निवतो, खिडकीतून खोलीत शिरतो, दाराच्या पट्ट्यांमधून बोळात जातो आणि तापलेली हवा जिन्याच्या पोकळीतून वर सरकते. व्हरांडा, खिडकी, दार, बोळ, जिना यांतलं एक बंद केलं की बाकीचं निकामी होतं.

हे सांगायचं कारण असं की चॅलफॉन्टमध्ये नव्या शतकातही बराच काळ वातानुकूलन नव्हतं, खोल्यांत टीव्ही किंवा फोन नव्हते, आणि बऱ्याच खोल्यांना बोळातलं सामाईक न्हाणीघर वापरावं लागे. पाहुण्यांपैकी काहींना ही गैरसोय वाटायची आणि ते पुन्हा येत नसत. पण दर खोलीत यंत्र बसवायचं तर पट्ट्यांची दारं बदलून भरीव दारं लावावी लागतात. मग बोळ कोंदट होतो, मग बोळालाही यंत्र लागतं. दर खोलीला न्हाणीघर द्यायचं तर दोन खोल्यांची एक करावी लागते आणि जुन्या तुळयांना भोकं पाडून नळ न्यावे लागतात. अशा दोन-तीन ‘सुधारणा’ केल्या की बाहेरची नक्षी तेवढी जुनी उरते, आत कुठलंही हॉटेल. जीर्णोद्धारातला पहिला निर्णय काय करायचं नाही हा असतो, आणि इथे तो फार विचारपूर्वक पाळला गेला.

रिचमंडचं कुटुंब आणि हेलन डिकरसन

१९१०च्या सुमारास चॅलफॉन्ट सॅटरफील्ड कुटुंबाकडे आलं. हे कुटुंब रिचमंडचं, म्हणजे ज्या शहरात सॉयरची मृत्यूची चिठ्ठी निघाली होती त्याच शहराचं. त्यांच्याबरोबर दक्षिणेकडचे पाहुणे आले, तिकडच्या रीती आल्या आणि तिकडचं स्वयंपाकघर आलं. तळलेली कोंबडी, ताजे पाव, मक्याच्या पिठाचा चमच्याने खायचा मऊसूत स्पूनब्रेड. सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण भाड्यातच. अगदी लहान मुलांसाठी वेगळी जेवणाची खोली, तिथे त्यांना भरवायला वेगळी माणसं, म्हणजे मोठ्यांना निवांत जेवता यावं. तीच कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या तोच आठवडा, तीच खोली मागून घेत.

हे स्वयंपाकघर ज्यांच्या हातात होतं त्या हेलन डिकरसन. त्यांची आई इथेच कामाला होती, त्यामुळे त्या अगदी लहानपणापासून इथे आल्या. मग सत्तराहून जास्त उन्हाळे त्या इथेच राबल्या. हिवाळ्यात व्हर्जिनिया, उन्हाळ्यात केप मे. त्यांच्या मुली डॉरथी बर्टन आणि लुसिल थॉम्पसन त्यांच्या हाताखाली शिकल्या आणि पुढे चुलीपाशी उभ्या राहिल्या. हेलनबाईंचा स्वयंपाक हाताच्या अंदाजाचा आणि जिभेच्या पारखीचा होता. १९८०च्या दशकात त्यांच्या पाककृती पुस्तकरूपाने छापल्या गेल्या तेव्हा प्रथम त्यांना मापं मिळाली.

हेलन डिकरसन कृष्णवर्णीय होत्या, आणि हे चॅलफॉन्टच्या इतिहासात ठळकपणे लिहिलं गेलं पाहिजे. केप मेच्या हॉटेलांतला स्वयंपाक, धुणं, वाढप ही कामं पहिल्यापासून बव्हंशी कृष्णवर्णीयांनी केली. १८५२च्या उन्हाळ्यात हॅरिएट टबमन इथे स्वयंपाकाचं काम करत होती, आणि त्या कमाईतून दक्षिणेतल्या गुलामांना सोडवून आणण्याच्या फेऱ्यांचा खर्च काढत होती. सॉयर ज्या युद्धात मरता मरता वाचला ते याच प्रश्नावर झालं. तरीही या गावात कृष्णवर्णीय मुलांसाठी १९२८ मध्ये फ्रँकलिन स्ट्रीटची वेगळी शाळा बांधली गेली आणि शाळांमधला हा भेद १९४८ पर्यंत चालला. चॅलफॉन्टच्या दक्षिणी आतिथ्याचं कौतुक करणाऱ्यांनी हेही मनात ठेवावं की ज्यांच्या हातचं खायला लोक शेकडो मैलांवरून येत, त्यांना त्या जेवणघरात पाहुणे म्हणून बसण्याची सोय बराच काळ कुठल्याच अशा हॉटेलात सहज नव्हती.

१९७०च्या दशकातला पेच

मार्च १९६२ मध्ये मोठं वादळ आलं. अनेक भरत्या ओलांडून ते किनाऱ्यावर ठाण मांडून बसलं आणि केप मेचा समुद्राकाठचा लाकडी पदपथ उद्ध्वस्त झाला. त्यानंतर केंद्र सरकारच्या नगर-पुनर्रचना योजनेतून गावाला पैसा मिळाला. त्या पैशातून काही जुन्या वास्तूंचा भाग नटवला गेला, वॉशिंग्टन स्ट्रीटवर फक्त पायी चालण्याचा बाजार झाला. पण त्याच योजनेखाली लाफायेट स्ट्रीटच्या आसपासची कृष्णवर्णीयांची घरं आणि दुकानं मोठ्या प्रमाणात पाडली गेली. जुनं जपण्याच्या या कथेतला हा भाग बहुतेक माहितीपत्रकांत नसतो.

गावकऱ्यांमध्येही एकमत नव्हतं. अनेकांना जुनी लाकडी हॉटेलं म्हणजे ओझं वाटे, मोटेल हवी होती. १९७० मध्ये फिझिक इस्टेट हे १८७९ चं घर पाडलं जाण्याच्या बेतात होतं. ते वाचवण्यासाठी नागरिकांनी संस्था उभारली आणि तिथून वारं फिरलं. स्थापत्य-इतिहासकार कॅरोलिन पिट्स यांनी गावातल्या इमारतींची पाहणी करून नोंदी केल्या. १९७६ मध्ये, चॅलफॉन्टच्या शंभराव्या वर्षी, केप मेला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

दर्जा मिळाल्याने छप्पर गळायचं थांबत नाही. चॅलफॉन्टची त्या वेळची स्थिती नीट समजून घेतली पाहिजे. शंभर वर्षांची लाकडी इमारत. घर तापवायची सोय नाही, म्हणून धंदा फक्त उन्हाळ्याचा. खोल्या साध्या, म्हणून भाडं मर्यादित. मालकीण वृद्ध. आणि समुद्राची हवा, जी अशा इमारतीला बारा महिने कुरतडत असते. खारट वाऱ्यातलं मीठ लाकडाच्या फटींत बसतं आणि ओल धरून ठेवतं. खिळे गंजून फुगतात, लाकडाला चीर जाते, त्या चिरेतून पाणी आत जातं. रंग हे इथे लाकडाचं एकमेव चिलखत, आणि उन्हाच्या बाजूला तो काही वर्षांतच सुटू लागतो. व्हरांड्याच्या फळ्या, कठडे, खांबांचे पाय आणि जमिनीलगतची तुळई आधी कुजतात, कारण पाणी तिथेच साचतं. एक उन्हाळा रंगाचा टाळला तर पुढच्या वर्षी सुतार लागतो, आणि सुताराचं काम टाळलं तर त्यापुढे तुळई बदलावी लागते.

समोर वाटा होत्या. विकून टाकावं आणि जागी मोटेल किंवा सदनिका येऊ द्याव्यात. आतून सगळं काढून आलिशान हॉटेल करावं. किंवा त्या दशकात केप मेमध्ये ज्याची लाट आली, तसं नाश्ता आणि मुक्कामाचं छोटं टुमदार घर करावं. पण हा शेवटचा मार्ग आठ-दहा खोल्यांच्या घराला परवडतो. कितीतरी पट खोल्यांच्या हॉटेलाला नाही.

ॲन लेड्यूक आणि जूडी बार्टेला या दोघींनी वेगळी वाट धरली. लेड्यूक लहानपणापासून इथे येत होत्या, पेशाने शिक्षिका आणि खेळाच्या प्रशिक्षक. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात दोघींनी आधी हॉटेल चालवायला घेतलं, मग विकतही घेतलं. भांडवल बेताचं होतं. त्यांनी ठरवलं की इमारत आहे तशीच चालू ठेवायची, आणि दुरुस्ती वापरातूनच करायची.

काम कसं झालं

मेरीलँड विद्यापीठाचे वास्तू-जतन शिकणारे विद्यार्थी उन्हाळ्यात इथे येऊ लागले. विद्यार्थ्यांना शिकायला खरीखुरी इमारत मिळाली, आणि इमारतीला मोजमापं, नकाशे आणि हात मिळाले. या व्यवहारात नकाशांचं मोल मला सर्वांत जास्त वाटतं. लाकडी इमारतीत दर वर्षी काही ना काही बदललं जातं. मूळ कठड्याची जाडी किती, नक्षीचा वळसा कसा, याची नोंद नसेल तर तीस वर्षांत दुरुस्ती करता करता मूळ रूप हरवतं.

दुसरा आधार होता नेहमीच्या पाहुण्यांचा. वसंतात हंगाम सुरू होण्याआधी आणि शरदात तो संपल्यावर ‘कामाचे शनिवार-रविवार’ ठरवले जात. राहण्याजेवणाच्या मोबदल्यात लोक येत आणि दिवसभर राबत. खिडक्यांचा जुना रंग खरवडणं, झडपा उतरवून रंगवणं, खुर्च्या दुरुस्त करणं, खोल्या धुऊन काढणं. त्यात वकील असत, शिक्षक असत, निवृत्त मंडळी असत. संध्याकाळी सगळे एका मोठ्या टेबलाशी जेवत.

या पद्धतीला मर्यादा आहेत. हौशी माणूस रंग खरवडू शकतो, पण तुळईला सांधा मारू शकत नाही. वीज, छप्पर, पाया यांत चूक झाली तर ती महाग पडते. ती कामं जाणत्या कारागिरांचीच. शिवाय जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे बारीक धूळ अडवणारा योग्य मास्क न लावता तो घासणं धोक्याचं. साधं फडकं त्याला पुरत नाही. आणि हौशी हातांकडून झालेलं काम दरवर्षी तपासावं लागतं. तरीही मला ही पद्धत मोठी वाटते. नुसत्या रंगकामाचा मजुरीखर्चच अशा इमारतीला बुडवू शकतो. तो वाटून घेतला गेला, म्हणून हाती असलेला पैसा छप्पर आणि तुळयांसाठी उरला. ज्याने स्वतः खिडकी रंगवली तो पुढच्या उन्हाळ्यात न्हाणीघर बोळात आहे म्हणून तक्रार करत नाही, हाही फायदा लहान नाही.

कायद्याचा दबावही होता. न्यू जर्सीने १९८३ मध्ये अग्निसुरक्षेचा एकसमान कायदा केला आणि जुन्या हॉटेलांनाही तो लागू झाला. लाकडी इमारतीत सुटकेचे मार्ग, धोक्याची घंटा, पाण्याचे फवारे हे विषय टाळता येत नाहीत. नक्षीदार व्हरांड्याला लोखंडी जिना चिकटवला की डोळ्यांना खुपतं, हे खरं. पण ज्या गावाचे ३५ एकर एका दिवसात जळाले तिथे या बाबतीत सौंदर्याचा हट्ट धरू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि स्वयंपाकघर. दोघींनी हेलनबाईंचं जेवण हा धंद्याचा कणा मानला आणि ते बदललं नाही. खोल्या साध्या असूनही पाहुणे येत राहिले त्यात या जेवणाचा वाटा मोठा होता, आणि पाहुण्यांच्या पैशातूनच छप्पर दुरुस्त होत गेलं. म्हणून जीर्णोद्धाराच्या हिशेबात विद्यार्थी, स्वयंसेवक आणि मालकिणींच्या बरोबरीने डिकरसन कुटुंबातल्या बायकांची नावं यायला हवीत, आभाराच्या ओळीत नव्हे तर काम करणाऱ्यांच्या यादीत.

२००८ नंतर

लेड्यूक आणि बार्टेला यांनी तीस वर्षांच्या आसपास कारभार केल्यावर २००८ मध्ये हॉटेल मलक कुटुंबाने घेतलं. त्यांनी ते हॉटेल म्हणूनच चालू ठेवलं. त्याच घरातले बॉब मलक गावात हॅरिएट टबमन संग्रहालय उभं करण्याच्या कामातही पुढे होते. लाफायेट स्ट्रीटवर, जिथली वस्ती नगर-पुनर्रचनेत पाडली गेली तिथे, बाप्टिस्ट चर्चच्या जुन्या घरात ते उभं राहिलं. फ्रँकलिन स्ट्रीटच्या शाळेचीही दुरुस्ती होऊन २०२४ मध्ये तिथे सार्वजनिक वाचनालय सुरू झालं. चॅलफॉन्टपासून या दोन्ही वास्तू चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. केप मेला कुणी गेलं तर तिन्ही एकाच दिवशी पाहाव्यात, कारण त्या एकाच इतिहासाच्या आहेत.

इमारतीपुढचा यापुढचा प्रश्न पाण्याचा आहे. अटलांटिक सिटीच्या भरतीमापकावर १९११ पासूनच्या नोंदी आहेत आणि त्यांवरून तिथली समुद्रपातळी वर्षाला सुमारे ४ मिलिमीटरने वाढते आहे. शंभर वर्षांत ४० सेंटिमीटर. समुद्र वर येतो आहे आणि जमीनही हळूहळू खचते आहे, म्हणून हा वेग जगाच्या सरासरीहून जास्त. २०१२ च्या सँडी वादळानंतर न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर हजारो घरं उचलून उंच खांबांवर ठेवली गेली. केप मे त्या वेळी तुलनेने बचावलं. पण चॅलफॉन्टसारखी इमारत दोन-तीन मीटर उचलली, तर व्हरांडा रस्त्यापासून तुटतो, खुर्चीत बसलेला माणूस आणि येणारा-जाणारा यांची नजरभेट संपते, आणि व्हरांड्यापर्यंत येणाऱ्या वाऱ्याची वाटही बदलते. न उचलावी तर पायाच्या तुळया, विजेचं जोडकाम आणि स्वयंपाकघर पाण्याला सोसतील असे करावे लागतात: वीज वर न्यायची, तळाशी पाणी येऊन निघून जाईल अशा वाटा ठेवायच्या, खालचं लाकूड भिजलं तरी लवकर सुकेल असं मोकळं ठेवायचं. हे काम खर्चिक आहे, डोळ्यांना दिसणारं नाही, आणि हौशी हातांनी होणारं तर मुळीच नाही. विद्यार्थ्यांनी काढलेली मोजमापं यासाठी पहिला आधार ठरतील.